मामांचा सोलर बंब

माझ्या बायकोच्या मामांइतका सूर्याचा अपमान मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या जपानात सापडणार नाही. योकोहामातली नोकरी संपल्यावर पुण्याला परतायचं सोडून हे गृहस्थ नागानोच्या डोंगरात एक जुनं घर घेऊन बसले. का, तर छपरावर आयता सोलर बंब होता! गावातले लोक असले बंब उतरवून गॅस लावतात, याचा मामांना भयंकर संताप. शेजारच्या आजी वाकून "सामुई देसु ने", म्हणजे थंडी आहे हो, एवढंच म्हणाल्या तरी हे मराठीत कडाडायचे, "थंडी आहे, पण ऊन आहे ना? त्याचं काय?" पाहुण्यांना दुपारपर्यंत आंघोळ नाही. मी एकदा सकाळीच गॅसचं बटण दाबलं, तर दाराबाहेरून आवाज आला, "जावईबापू, सूर्य अजून जिवंत आहे!"

मामींनी मात्र त्या वर्षी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "या हिवाळ्यात ते धूड एकदा जरी गोठलं, तरी खाली उतरेल." तेव्हापासून मामा बंबाला तान्ह्या बाळासारखे जपत होते. जुनी ब्लँकेटं, मफलर, झालंच तर मी दिवाळीत दिलेला स्वेटर, सगळं पाइपाला गुंडाळलेलं. स्वेटर मामांच्या अंगावर कधीच दिसला नव्हता, ते असो.

आणि नेमका तिथे मी कडमडलो. जानेवारीत आम्ही गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातला नळ सुतासारख्या धारेने वाहत होता. बंबाच्या पाइपातलं पाणी वाहतं राहिलं की गोठत नाही, म्हणून तिथे थंडीत नळ तसाच सोडतात. पण मी पडलो डोंबिवलीचा, पाण्यासाठी पिंपं भरून ठेवणाऱ्या घरातला. वाहता नळ बघून माझा हात राहतोय थोडाच! चांगला आवळून बंद केला. वर जेवताना पाणी वाचवण्यावर छोटंसं भाषणही ठोकलं. मामांनी कौतुकाने मान डोलावली.

सकाळी पाइप उभा फाटलेला, आणि माझा स्वेटर लाकडासारखा कडक होऊन लोंबतोय.

"नळ कोणी बंद केला?" मामा गरजले.

"पाणी वाया जात होतं, मामा," माझ्या तोंडून निघून गेलं.

मामांनी एकदा त्या स्वेटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मामी मला काही बोलणार, तोच मामा त्यांच्यावरच उखडले, "बरोबरच आहे जावईबापूंचं! नळ चालू टाकतं का कोणी? उतरवा तो बंब!"

आता छप्पर मोकळं आहे. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असलं की मामांचा फोन येतो. आवाजात पूर्वीचा राग नसतो. "आज काय ऊन पडलंय हो," एवढंच म्हणतात आणि फोन ठेवून देतात.