रोह्याची आखणी, पेणची आखणी

अनंतसरांची आणि माझी ओळख एका चुकीतून झाली. चूक माझी होती.

रोह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी मोबाइलवरचा एक गेम करायला घेतला होता. भरतीच्या पाण्याने शेताच्या बांधाला भगदाड पडतं, त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. ती गावाने मिळून बुजवायची, असा खेळ. नव्या पिढीला हे काम ठाऊकच नाही, याची सरांना काळजी होती. चित्रांसाठी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, आधी आखणी पूर्ण करा. बाकीचं मागाहून."

मी पेणच्या रामवाडीची, मूर्तिकारांच्या घरातली. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी सगळं घरातून आलेलं, आणि घरी आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. अगदी शेवटचं काम. हे गृहस्थ डोळे आधी का मागतात, याचं नवल करत मी वीस गावकऱ्यांचे चाळीस डोळे रंगवले आणि रोह्याला घेऊन गेले.

सरांनी एकेक कागद सावकाश पाहिला. "फार जिवंत आहेत हो. पण खेळाची आखणी कुठाय? कोण कधी धावणार, पाणी किती चढणार?"

मी ओशाळले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'पेणला आखणी शेवटी. का?' आणि तासभर मलाच विचारत बसले.

पुढे दोन वर्षं आम्ही भांडलो. नियम चांगला असेल तर माणूस ठिपक्यांशीही रमतो, असं ते म्हणत. चेहराच नसेल तर बांध कोणासाठी वाचवायचा, असं मी. अखेर गेम तयार झाला, तर चित्रांच्या भाराने तो गावातल्या जुन्या फोनवर चालेना. चित्रं वगळायची, नाहीतर ज्यांच्यासाठी केला त्यांनाच मुकायचं. सर एकटे निर्णय घेऊ शकले असते. त्याऐवजी ते मला खाडीकाठच्या गावात घेऊन गेले आणि मिठागरात राबलेल्या हिराबाईंच्या हाती त्यांनी नुसत्या ठिपक्यांचा गेम दिला.

"ह्यो ठिपका कोन हाय?"

"गावकरी," सर म्हणाले.

"नाव काय त्याचा?"

"नाव नाही."

"मंग बुडूं दे! माझा कोन लागतो?"

मी सरांकडे विजयाने पाहिलं. तेवढ्यात हिराबाईच म्हणाल्या, "बरा, ह्यो माझा दीर. आळशी हाय, त्याला म्होरं काढते." शेजारणी जमल्या. एकेका ठिपक्याला नवरा, जाऊ, सासू मिळाली. "पानी चढला गो! तुझ्या सासूला हालव!" खांड बुजली तेव्हा चौघीजणी घामाघूम होत्या.

परतताना मीच म्हटलं, "सर, चित्रं काढून टाका."

"काढतो. पण माझंही चुकलंच. नाव द्यायला जागा ठेवायला हवी होती." ती त्यांनी ठेवली.

आज त्या गेममध्ये माझं एकही चित्र नाही, तरी पहिल्या पडद्यावर माझं नाव सरांच्या नावाच्या वर आहे. मी हरकत घेतली, तर म्हणाले, "तुम्ही भांडला नसतात तर मी हिराबाईंकडे गेलोच नसतो."

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. खेळात हरलेला माणूस पुन्हा का खेळतो, हा सध्याचा त्यांचा प्रश्न. तो सुटेपर्यंत त्यांची भूक, झोप आणि गुडघे उत्तम राहोत. आणि प्रश्न चांगला अवघड निघो.