शहाद्याचं रीळ

सुट्टीसाठी जळगावहून आलो, तेव्हा शहाद्याच्या मोटारस्टँडवरच रज्जाकचाचांचा पुतण्या भेटला. माझ्या हातातली पेटी घेत म्हणाला, "चाचा गया, भाऊ. ताप उना, आन गया." तापाचंच निमित्त झालं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. चाचांबद्दल लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं... आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

चाचा दिवसा भांड्यांना कल्हई करायचे. तंबूतला सिनेमा आला, की संध्याकाळी पडद्याशेजारी स्टुलावर बसून, स्वतः घडवलेला पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून हिंदी बोलपटाची अहिराणी करून सांगायचे. नायिका रडली की त्यांचाही गळा भरून यायचा. मग लोक ओरडायचे, "चाचा, तू नको रडू, पुढे सांग!"

एका वर्षी पागलखान्याचा सिनेमा आला. डोंगरावर एकटंच इस्पितळ, आणि आत कोंडलेली एक बाई. तिथली माणसं एकेक करून नाहीशी होतात. सगळे म्हणतात हिचंच काम, ती म्हणते मी शहाणी आहे. आमच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून, आम्ही बैलगाडी जुंपून गेलो होतो. माझी आत्याही होती, आम्ही तिला फुई म्हणतो. मूल गेल्यावर तिच्या सासरच्यांनी तिला अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. ती नुकतीच माहेरी परतली होती. विहिरीवर बायका तिच्यापासून आपली भांडी बाजूला सरकवत. तंबूतही बायकांच्या बाजूला तिच्याभोवती जागा रिकामीच होती.

ऐन वेळी पडदा पांढरा झाला. मशीनवाला म्हणाला, शेवटचं रीळ दोंडाईच्याला आगगाडीतून उतरलंच नाही. एकच गलका उठला. "ती येडी का शहाणी, ते सांग!" मागून आमच्याच गावचं कोणीतरी ओरडलं, "फुईलेच इचारा ना, ती तठे राहीसन उनी!" तंबूभर हशा झाला. फुईनं पदर तोंडावर ओढला.

चाचा उभे राहिले. "आयका रे! शेवटलं रीळ मी आधीच देखेल शे. बाई येडी नव्हती. तिनं पोर गये, ती रडनी. रडाना आवाज मोठा निंघी गया, म्हणीसन लोके म्हणनात येडी. मंग दार उघडं, ती घर उनी. आन घरना लोकेसनी तिले पहिले काय इचारं, सांगू? 'जेवनी का व, बाई?' बस. खेल खतम."

कोणी हसलं नाही. परतताना गाडीत चढता चढता शेजारची म्हातारी फुईकडे न बघताच म्हणाली, "जेवनी का व?" फुईनं तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाली, "नही... भूक लागनी शे." म्हातारीनं पदरातली भाकर मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

पुढे जळगावात मी तो सिनेमा पुरा पाहिला. शेवटच्या रिळात बाई खरंच वेडी निघते. तिच्या कोठडीची किल्ली पहिल्यापासून तिच्याच पदराला बांधलेली असते. थिएटरातून बाहेर पडलो तरी मला ते पटेना. सुट्टीत चाचांना भीत भीत सांगितलं. ते पातेलं निखाऱ्यावर फिरवत होते. म्हणाले, "ते जयगावनं रीळ शे, बेटा. शहादानं येगळं."

"पण चाचा, तुम्ही खरंच पाहिलं होतं का?"

त्यांनी भाता जोरात ओढला. धूर झाला, आणि दोघंही खोकत बसलो.

चाचा गेल्यावर चाचींनी तो भोंगा फुईला आणून दिला. फुई त्याचा उपयोग ज्वारी डब्यात ओतायला करते. परवा मी घराजवळच्या मळ्याच्या बांधावर वाचत बसलो होतो. ऊन चढलं होतं. फुईनं ओट्यावर येऊन भोंग्यातली ज्वारी झटकली आणि तो तोंडाला लावून मला हाक मारली, "जेवना का रे, भाऊ?"

आवाज चांगला मोठा निघाला होता. सगळ्या गल्लीत ऐकू गेला... आणि विहिरीवरून त्या शेजारच्या म्हातारीनंच उत्तर दिलं, "मी येस व, मालेबी वाढ!"