चाकं काढलेली मशीन

गीतांजली दुकानात आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. एक तर तिला काय पाहिजे ते तिला नेमकं माहीत असतं. दुसरं म्हणजे तिच्या बाबतीत माझ्या मनाला एक टोचणी आहे, आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

मी भगवंत. अकोल्यात वेल्डिंगच्या सामानाचं दुकान आहे माझं, तीस वर्षांपासून याच काउंटरमागे बसून राहिलो. पोट्टे येतात, मोबाईलवर पाहिलेली मशीन मागतात, आणि रॉड कोणती देऊ विचारलं की माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. गीतांजली तशी नाही. अमरावतीला आयटीआय केलेली, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात दीड वर्ष मेंटेनन्सला होती. तीस फुटांवर शेडच्या छपराच्या लोखंडी कैचीवर बसून जोड मारायची. लग्न होऊन बार्शीटाकळीला आली आणि ते सगळं सुटलं.

तीन वर्षांपूर्वी ती सासऱ्यांसोबत पहिल्यांदा आली. सासरे पुंजाजी, घरी पिठाची गिरणी, माणूस दिलदार. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "भगवंतराव, सुनेले घरीच वर्कशॉप काढून देतो. पोरीचा हुन्नर वाया नाई गेला पाह्यजे. पोरगी सांगन ते काढा."

मला बरं वाटलं. कोणता सासरा असं करतो, बाप्पा?

तिनं कागदावर लिहून आणलं होतं. चार इंची ग्राइंडर, आपोआप काळ्या होणाऱ्या काचेचं हेल्मेट, कातडी हातमोजे, गुण्या, दोन क्लॅम्प. आणि सगळ्यात वर, दोनदा रेघ मारून, छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. साडेचार किलोची, घरच्या साध्या लाईटवर चालते. मी ती काढून दिली. तिनं पट्टा खांद्याला अडकवला आणि दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आली. चेहरा असा खुलला होता की विचारू नका.

"शेडचं काम असो का टाकीच्या स्टँडचं, हे घेऊन कुठंबी जाता येते, काका."

पुंजाजी हसले. "बाहीर काहून जाशीन तू? लोकं घरी येतीन काम घेऊन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगा भगवंतराव, टिकाऊ कोणती?"

आता माझी अक्कल ऐका. माझ्या गोदामात जुन्या पद्धतीची, तेलातली ट्रान्सफॉर्मर मशीन पाच वर्षं पडून होती. सव्वाशे किलोचं धूड, आजकाल कुत्रं विचारत नाही. तिला थ्री फेज लागतं, ते गिरणीमुळे त्यांच्या घरी होतंच. मी म्हणालो, "टिकाऊ म्हणाल तर हे. तुमचे नातू वापरतीन." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पोरीला काय पाहिजे ते मला चांगलं कळलं होतं. गोदाम मोकळं होतंय या आनंदात मी तिच्याकडे पाहिलंच नाही. सांगायला लाज वाटते.

चार माणसांनी ती मशीन गाडीत चढवली. ग्राइंडर तिनं चार इंची मागितला होता, पुंजाजींनी सोबत सात इंचीही घेतला. बाकी सगळं मागितलं त्याच्या दुप्पट घेतलं. ती छोटी मशीन मी परत कपाटात ठेवली.

पंधरा दिवसांनी पुंजाजी एक पिशवी घेऊन आले. पिशवीत मोठ्या मशीनची चार लोखंडी चाकं. "अंगणात मशीनसाठी ओटा बांधला, वर टिनं टाकले. आता चाकाचं काय काम? तुमच्याइथं कोणाले तरी लागतीन." चहा पिऊन गेले. मी चाकं ड्रॉवरमध्ये टाकली.

काम चालू झालं. खिडक्यांच्या जाळ्या, वखराची पास, पलंगाचे पाय. लोक आणून देत, ती अंगणात बसून करून देई. सहा महिन्यांनी ती एकटी केबल घ्यायला आली, दहा मीटर. शेजाऱ्याचं गेट जागेवरच जोडायचं होतं. पुढच्या वर्षी आणखी दहा मीटर, तेव्हा ती कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचली. पुंजाजींची हरकत नव्हती. ओट्यावरून सून दिसत होती ना.

परवा पुन्हा आली.

"काका, अजून वीस मीटर द्या."

"कुठवर नेतं व बाई?"

"झेडपीच्या शाळेत. सायकलच्या शेडचं काम हाये, सरांनी मलेच इचारलं. शनवारपर्यंत नाई जमलं तं ठेकेदाराले देतीन."

मी सांगितलं, इतक्या लांब करंट पोचत नाही, रॉड चिकटून बसते.

"मालूम हाये," ती म्हणाली. "काल मांगून आणलेली जुनी वायर जोडून पाह्यली. रॉड चिकटूनच राहिली. नव्या केबलनं जमन कदाचित."

"मंग ते छोटी मशीन ने. पैशाचं पाहू मागून."

"घरी एवढी मोठी असताना दुसरी कायले, म्हणतीन. काय सांगू?"

मला राहवलं नाही. ड्रॉवर उघडून चारही चाकं काउंटरवर ठेवली. "हे बसव. ढकलत ने शाळेपर्यंत. तठी बोअरवर थ्री फेज हाये."

तिनं एक चाक उचललं आणि बोटानं फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"नाई बसत आता. ओट्यात अँगल गाडले हायेत. मशीनचे पाय त्याले वेल्ड केले."

"कोनं केले?"

"म्याच. मामाजी म्हणे, सुनबाई, पयलं काम घरचं झालं पाह्यजे. मले वाटलं, चोरीच्या भेवानं म्हणून राहिले. लय मन लावून केलं, काका. असा जोड मले आयटीआयतबी कधी जमला नोयता."

"ग्राइंडर हाये ना घरी? काप."

"पाच मिनिटाचं काम हाये." तिनं चाक खाली ठेवलं. "पण घरी कोनी पाहुणा आला, का मामाजी त्याले पयले ओट्यापाशी नेतेत. त्याचा हात धरून जोडावरून फिरवतेत. म्हणतेत, पाहा आमच्या सुनेचं काम."

मी केबल मोजली आणि दोन हात जास्तच सोडली. चाकं तिनं माझ्याकडे सरकवली.

"तुमच्यापाशीच राहू द्या."

ती अजून ड्रॉवरमध्येच आहेत. मी मधूनमधून काढून ग्रीस लावतो.