मामाजींच्या दुर्बिणीच्या कड्या

माझं काजळ चोरणारा माणूस घरात एकच होता, आणि तो माझा सासरा होता. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून उभी हयात घालवून ते अमरावतीला आमच्याकडे राहायला आले, ते परवान्याची रायफल घेऊन. पुढं कुठून तरी त्यांनी एक जुनी दुर्बीणही मिळवली.

रायफलीवर दुर्बीण दोन लोखंडी कड्यांत बसते. कड्या एका रेषेत नसल्या की नळी पिळते आणि नीट दिसत नाही, असं मामाजींचं म्हणणं. म्हणून ते कड्यांत सळई घालून, खरखरीत पेस्ट लावून घासत बसायचे. मग सळईला माझं काजळ फासायचं. कडीला जिथं काळं लागेल तो उंचवटा, तेवढाच पुन्हा घासायचा. पोळ्याच्या दिवशी पुरण गार झालं तरी मामाजी उठेनात. मी वैतागले की म्हणायचे, "घाई केली का लोखंड रुसते, बाई."

हा ध्यास उगाच नव्हता. बडनेऱ्याच्या पलीकडं ज्वारीत रानडुकरं शिरली की लोक त्यांना बोलवत. आदल्या हंगामात त्यांची गोळी जरा चुकली, आणि जखमी डुकरानं रान उठवणाऱ्या हाकेवाल्या किसनाची मांडी फाडली. किसन कायमचा लंगडा झाला. मामाजींनी दोष बंदुकीला दिला, पण पुन्हा गोळी झाडली नाही. "दुर्बीण बसल्याबिगर मी येत नाई," म्हणायचे. माझा जीव तुटायचा.

अखेर एका सकाळी काजळ कड्यांना सगळीकडं सारखं लागलं. रिकाम्या रायफलीवर दुर्बीण चढवून मामाजींनी समोरच्या लिंबाकडं पाहिलं, काच पुसली, पुन्हा पाहिलं.

"अजून धुरकटच हाय. पाय बरं बाई, तुले काय दिसते?"

मी डोळा लावला. पान न् पान दिसत होतं, खोडावर मुंगळे चढत होते. मी तसं सांगितलं.

मामाजींनी रायफल खाली ठेवली. "मंग कड्या सरळ बसल्या," एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

त्याच दुपारी किसन लंगडत आला. "मिस्त्री, डुकरं लय झाले. कवा येता?"

मामाजींनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. "आता नाई येत बापा. बंदुकीचा कसूर नोयता, मायाच डोया गेला होता."

किसन खुर्चीत बसलाच नाही. म्हणाला, "मले मालूम होतं, मिस्त्री. तुमाले दिसत नाई म्हून तर मी डुकराच्या अन् तुमच्या मधी उभा होतो."