उघड्या मानेच्या कोंबडीची अंडी

येलहंक्याच्या घरामागे सासूबाईंच्या आठ-नऊ गावठी कोंबड्या होत्या. मी नव्वदच्या दशकात लग्न होऊन पुण्याहून तिथे आले, तेव्हा अंडं दुकानातून येतं एवढीच माझी अक्कल. सासरचे लोक कित्येक पिढ्यांचे बेंगळुरूकर. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कळेपर्यंत मी नुसती मान डोलवायची.

त्यातली एक कोंबडी उघड्या मानेची होती. जातच तशी, मानेवर एक पीस नाही. दिसायला ध्यान, पण माझी लाडकी. एकदा भरदुपारी खुराड्यात मुंगूस शिरलं. ती कशीबशी वाचली, पण तेव्हापासून पान हललं तरी ओरडत सुटायची. अंडी मात्र देत राहिली, सगळ्यांपेक्षा जरा लांबट.

पुढे काळी कोंबडी खुडूक बसली. सासूबाईंनी उबवायला अंडी निवडली आणि लांबट तेवढी बाजूला काढली.

"ही आमलेटला घे. भ्यालेल्या कोंबडीची अंडी ठेवायची नाहीत. पिल्लं भित्री निघतात, आणि त्यांची पिल्लंसुद्धा."

त्या सहज बोलल्या आणि कामाला लागल्या. माझा हात मात्र पोटावर गेला. मला पाचवा महिना होता. तिसऱ्यात असताना ह्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं होतं आणि हे कुठे आहेत, आहेत की नाहीत, ते आख्खा दिवस कळलं नव्हतं. पाय मोडण्यावर निभावलं. हे पुन्हा ऑफिसला जायला लागले, पण संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत मी खिडकीतून हलत नसे.

मग मी चोरी केली. सासूबाई नाचणी दळायला गिरणीत गेल्या, तेव्हा काळीच्या पोटाखालची तीन अंडी काढली आणि तीन लांबट सरकवली. तिने मनगटावर चांगली टोच मारली. माझा हिशेब सरळ होता: ही पिल्लं धीट निघाली तर माझंही मूल धीट निघेल. पदवीधर बाई हो मी! पण इतकी घाबरले होते की पदवी गेली चुलीत.

एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. आणि माझा मूर्खपणाही. त्यातल्या तिघांच्या माना उघड्या असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! सासूबाईंनी पिल्लांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "सरी" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जवळच हवाई दलाचा तळ. विमान घरावरून गेलं की बाकीची पिल्लं क्षणभर थबकत आणि पुन्हा टिपायला लागत. ती तिघं मात्र काळीच्या पोटाखाली घुसत, एकमेकांच्या अंगावर चढून. विमान गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नसत. मी रोज पाहत होते. शेवटी एका संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "परीक्षा कोणाची चाललीय? कोंबडीची, की पोटातल्याची?"

"आई, माझं मूल असंच निघालं तर?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा नवरा पोटात होता ना, तेव्हा तुझे मामंजी घर सोडून गेले होते. चार महिने. मी रोज फाटकाकडे बघत बसायची. हा जन्मला तो दचकतच. अजून दिवाळीत फटाका वाजला की कसा होतो, बघितलंस ना?"

बघितलं होतं. मी हसले होते त्यांना.

"मग अंडी का टाकता तिची?"

"पिल्लं वाईट असतात म्हणून नाही गं. ती अशी पळायला लागली की मला बघवत नाही. वाटतं, हे मीच केलं."

मी त्यांचा हात धरला. खरखरीत, कोंड्याचा वास येणारा हात.

त्या तिघांपैकी दोन तलंगा झाल्या आणि अंडी घालायला लागल्या. ती अंडी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने उबवायला ठेवली. पिल्लं भित्रीच निघाली. तोवर माझी लेक रांगायला लागली होती. विमानाचा आवाज आला की ती टाहो फोडायची. मी हातातला चहा तसाच ठेवून धावत जाईपर्यंत ती सासूबाईंच्या पदरात शिरलेली असायची. पुढे पुढे त्यांना विमानांच्या सरावाच्या वेळा पाठ झाल्या. आकाशात काही ऐकू यायच्या आधीच त्या मागच्या पायरीवर जाऊन पदर पसरून बसत.

आता सासूबाई नाहीत, कोंबड्याही नाहीत. लेकीला सातवा महिना आहे, माहेरी आलीय. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते आणि मग पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघते. काल विचारलंन, "आई, हे बाळाला लागत नाही ना गं?"

मी गॅस बंद केला, तिला मागच्या पायरीवर नेलं आणि पदर पसरून बसले.