आधी वॉलबी, मग चिचुंद्री

आमच्या थेरगावच्या खोलीत एक चिचुंद्री होती. साधीसुधी नव्हे. गल्लीतली मांजरं तिला उठून वाट द्यायची आणि तिच्या वासाने शेजारच्यांची आमटी नासायची. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या, असं बायको पाहुण्यांना चहाआधीच सांगून ठेवते. पण पुढचं मात्र पुरं धरा.

लेक दीड महिना आधीच जन्मली. दोन तळहातांत मावेल एवढी. दवाखान्यातल्या सिस्टरने मला शर्ट काढायला लावला, तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर गुंडाळली.

"याला कांगारू पद्धत म्हणतात. ऊब मिळते. हलू नका."

"सिस्टर, कांगारूएवढी उंची कुठंय आपली? वॉलबी म्हणा. त्याचा बुटका चुलतभाऊ."

"बरं, वॉलबी. पण बोलत राहा, तिला आवाज ऐकू दे."

मला बोलत राहा म्हणणारी ही जगातली पहिलीच बाई! रोज बोललो. म्हटलं, वॉलबीचं पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं जन्मतं, तरी आईच्या पिशवीत वाढून उड्या मारायला लागतं. आपल्या चिचुंद्रीला पिशवी नाही. तिची पिल्लं एकामागे एक, पुढच्याला शेपटीपाशी तोंडाने धरून भिंतीकडेने चालतात. आपल्या फ्रीजमागे चार पाहिलीत मी. पोरी, तू आधी वॉलबी हो, मग चिचुंद्री.

चारच सांगितली. चाळीस म्हणायची हिंमत झाली नाही. तिच्या छातीची धडधड माझ्या छातीवर लागत होती आणि एकही शब्द खोटा पडायला नको होता.

पुढे हीच गोष्ट रोज रात्री ऐकत ती मोठी झाली. परवा तिचा पहिलीचा पहिला दिवस. डांगे चौकात म्हटलं, "हात धर."

"पप्पा, मी काय पिशवीतली आहे?" असं म्हणून तिने मागून माझ्या शर्टाचं टोक ओढून काढलं आणि मुठीत पकडलं. "मी चिचुंद्री. तुम्ही पुढं चला."

चौक ओलांडला. शाळेच्या फाटकाशी मूठ सुटली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

तसाच कंपनीच्या बसने चाकणला गेलो. सुपरवायझर ओरडला, "अहो भाऊ, शर्ट इन करा की राव! मागून लोंबतंय."

"आज राहू द्या साहेब," म्हटलं, आणि ते चुरगळलेलं टोक तसंच ठेवून मशीनपाशी उभा राहिलो.