मानाची विडी

माझ्या उजव्या पायाची करंगळी गेली तेव्हा डॉक्टरांनी भाषण केलं नाही. ड्रेसिंग बदलता बदलता ते म्हणाले, "विडी आणि पाय, दोन्ही राहणार नाहीत. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा." तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या कशा आवळत जातात, आधी बोट आणि मग पाऊल कसं काळं पडतं, हे त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे रेघा मारून दाखवलं. मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. ठरवायला मला वेळ लागला नाही. पाय ठेवायचा. कसा, एवढाच प्रश्न होता.

सन दोन हजारच्या आसपासची ही गोष्ट. मी पद्धतशीर माणूस आहे. उपायांची यादी केली आणि एकेक करून बघितले. बडीशेप, लवंग, आवळासुपारी. विडीचं बंडल बायकोच्या ताब्यात देणं. देवापुढे नारळ ठेवून शपथ. शपथ सगळ्यांत कमी टिकली, कारण बायको रागावली तर कळतं, देव रागावला तर कळत नाही.

सगळे एकच सांगत, "मनाचा निग्रह पाहिजे." हे वाक्य मला आजही सहन होत नाही. होडी वाळूवर ओढायला खांदे लागतात तेव्हा नाखव्याला कोणी निग्रह कर म्हणून सांगत नाही. येऊन खांदा लावतात. विडी सोडणाऱ्याला मात्र एकट्यानेच ओढायची होडी. का? आणि एकट्याने जमलं नाही की तो कमकुवत. मी कमकुवत नव्हतो. एकटा होतो.

डॉक्टरांच्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळी बाकावर माझ्याबरोबर दोघे असत. एक एस.टी.चा ड्रायव्हर. पोटरीत कळा येऊ लागल्यापासून त्याला डेपोत बसवून ठेवला होता. दुसरा मिरकरवाड्याचा तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. जाळं ओढताना त्याला दम लागायचा आणि पायाच्या अंगठ्यावर न भरणारी जखम होती. पहिल्या दिवशी तपासून झाल्यावर आम्ही तिघेही बाहेर आलो आणि एकाच पानपट्टीसमोर भेटलो. मग तांडेल म्हणाला, "आता आलोच हाव तर डॉक्टरला पन बोलवा. चौघं मिळून वडू."

हसलो आणि विडी न घेता परत फिरलो. तिघांचीही ती पहिली न घेतलेली विडी. एकट्याला जे जमत नव्हतं ते तिघांना हसता हसता जमलं, हे मी तिथल्या तिथे टिपलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग शनिवारी बाक तुमचा. पेशंट संपले की बसा."

असा आमचा गट सुरू झाला. पण शनिवार आठवड्यातून एकदा येतो आणि तलफ रोज. इथे मला गावचा सप्ताह उपयोगी पडला.

आमचं गाव खाडीपलीकडे. तिथे श्रावणात देवळात अखंड नामसप्ताह असतो. आठवडाभर भजन थांबू द्यायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकवायची नाही. एका माणसाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. म्हणून वाड्यांनी पहारे वाटून घेतलेले. एका वाडीचा पहारा संपला की दुसरी उभी. आठवडाभर जागं राहणारा माणूस गावात एकही नाही, पण गाव आठवडाभर जागं राहतं.

तसेच पहारे मी आम्हा तिघांचे लावले. माझी वाईट वेळ दुपारच्या जेवणानंतरची. ड्रायव्हरची संध्याकाळची, गाड्या डेपोत परतताना. तांडेलाची पहाटेची, बोट धक्क्याला लागली की. ज्याची वेळ वाईट त्याच्याजवळ दुसऱ्याने जायचं आणि वेळ टळेपर्यंत बसायचं. उपदेश करायचा नाही. दुपारी ड्रायव्हर माझ्या कचेरीत येऊन बसे, संध्याकाळी मी डेपोत, पहाटे ड्रायव्हर धक्क्यावर. तांडेल किनाऱ्यावर असेल तेव्हा तोही दुपारी यायचा आणि फायलींकडे बघून म्हणायचा, "भाऊसाहेब, ह्यात मासळी कुठं आसते?"

कचेरीत चेष्टा झाली. "विडी सोडायला मंडळ काढलंत? उद्या खोकला सोडायला पतपेढी काढा!" मी म्हटलं, "काढतो. तुम्हांला पहिला सभासद करून घेतो."

बरेच दिवस नीट गेले. मग चुलत पुतणीचा साखरपुडा आला. आमच्याकडे अशा वेळी पान, सुपारी आणि विडी मांडलेलं तबक फिरतं, आणि घरच्या माणसाने ते परतवायचं नसतं. मी विडी उचलली आणि वरच्या खिशात ठेवली. मला वाटलं, मान घेतला आणि ओढलीही नाही. दोन्हीकडे पुरा पडलो. येताना खाडीकाठी तरीवर होडीची वाट बघत उभा होतो. शेजारच्याने स्वतःसाठी काडी ओढली आणि पेटती काडी माझ्यापुढे धरली. मी खिशात हात घातला होता, हे मला विडी ओठांत आल्यावर कळलं.

शनिवारी सांगितलं. कोणी च्यक् केलं नाही.

"खिसा कुठला?" तांडेलाने विचारलं.

"वरचा."

"काडी कुनाची?"

"शेजाऱ्याची."

"मंग काडीचा काय दोष नाय. इडी खिशात का गेली?"

"मान ठेवायला."

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊसाहेब, मी ब्रेक नसलेली गाडी उतारावर लावून तिला सांगत नाय, बाई, हितंच थांब."

खरा पेच पुढे होता. सप्ताहात आमच्या वाडीचा पहारा दुपारचा, आणि त्यात वीणेचा मान आमच्या घराण्याचा. पहारा सुरू होताना गावचे मानकरी, म्हणजे भावकीतले वडीलधारे काका, तबक पुढे करतात. घराण्याचा माणूस त्यातली विडी उचलतो, दोन झुरके मारून येतो आणि मग वीणा गळ्यात घेतो. विडी उचलली म्हणजे पहारा स्वीकारला. ती नाकारली म्हणजे पहारा सोडला, असा गावचा अर्थ. वडील वारल्यापासून ती मी उचलत होतो. आणि वेळ नेमकी जेवणानंतरची.

"नको म्हना," तांडेल म्हणाला.

"तुम्हांला आमचं गाव ठाऊक नाही."

"गाव नाय ठाऊक. पाय ठाऊक हाय. म्हना, हितंच म्हनून बगा." त्याने ड्रेसिंगचा रिकामा ट्रे उचलला आणि काकांसारखा माझ्यापुढे धरला.

"सध्या नको," मी म्हटलं.

"सध्या म्हंजे उद्या घेनार. परत."

"मागाहून बघू."

"ह्यो काय तुमच्या कचेरीतला अर्ज हाय? परत!"

आतून कंपाउंडर ओरडला, "ओ, तो ट्रे ठेवा खाली, निर्जंतुक केलेला आहे!" तोवर माझ्या तोंडून एकदाचं सरळ 'नको' निघालं होतं. आयुष्यभर मी लोकांना लेखी नकार दिले होते. तोंडी नकार त्या बाकावर शिकलो.

सप्ताहाला दोघेही माझ्याबरोबर आले. देवळात सगळेच अनवाणी. कचेरीत बुटात लपणारं माझं चार बोटांचं पाऊल तिथे सगळ्यांसमोर होतं. आधीच्या वाडीचा वीणेकरी खांबाजवळ उभ्याने नाम घेत होता. काकांनी तबक पुढे केलं.

मी सुपारी उचलली. "काका, विडी नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. पहारा मी करणार आहे."

"तुझ्या बापाने हे तबक कधी परतवलं नाही."

"त्यांना डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय. पाऊल बघा."

"विडी नाही तर पहारा नाही," काका म्हणाले. "गावाची रीत डॉक्टर ठरवणार काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "शहरात राहून नाजूक झाला तो."

जेवण अंगावर आलेलं, तंबाखूचा वास नाकाशी, आणि सबंध भावकी बघत होती. एक विडी, दोन झुरके, आणि सगळं मिटलं असतं. त्याच वेळी तांडेल मोठ्याने म्हणाला, "मानकरी, आमाला पन नको हं इडी!"

"तुम्हांला दिली कोणी?"

"नाय दिली. आधीच सांगून ठेवतोय."

टाळकऱ्यांमध्ये हसू फुटलं. एकाचा टाळ चुकला. काकांचा हात तबकासकट तसाच राहिला. भजन थांबवता येत नव्हतं आणि वीणा खाली ठेवता येत नव्हती. वीणेकरी दोन ओळींच्या मध्ये काकांकडे बघून म्हणाला, "भांडण मागनं घाला, माझा खांदा भरला." आणि त्याने वीणा सरळ माझ्या गळ्यात घातली.

मी नाम धरलं. ड्रायव्हर टाळ घेऊन माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला धड ताल नव्हता, पण हलला नाही. मध्ये तलफ आली, चांगली सणसणून आली. बाहेर पायरीवर बसून काकांनी स्वतःच विडी पेटवली होती आणि धूर थेट आत येत होता. पाय ठणकत होता. मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो म्हणाला, "चालू ठेवा, भाऊसाहेब, मी हाय." पुढची वाडी येईपर्यंत मी त्या पायावर उभा होतो.

काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भावकीत अजूनही म्हणतात की मी बाहेरची माणसं आणून घराण्याची रीत मोडली. खरं आहे, मोडली. एकट्याने मोडता आली नसती, म्हणून माणसं आणली. पुढच्या वर्षी तबकात विडी होती, त्याच्या पुढच्या वर्षीही होती. मी सुपारी उचलतो, वीणा घेतो आणि पहारा करतो. उभा राहून.